घरचें पिंप, दुकानचें पिंप आणि सरकारी माप

पिकाचें पुढें काय होतें, त्यांतून शेतकऱ्याच्या पदरांत काय पडतें आणि सरकारच्या तिजोरींत काय जातें, या तीन गोष्टींचा मेळ घालून पाहिल्याखेरीज शेतकीशीं जोडलेल्या कोणत्याही धंद्याची खरी पारख होत नाहीं. याच दृष्टीनें आज आम्ही अशा एका पेयाविषयीं लिहिणार आहों कीं, ज्याचें नांव काढतांच आमच्या कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल. इंग्लंड-अमेरिकेंतील हौशी गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरांत करतात ती, हॉप्सच्या फुलांनीं कडू व सुवासिक केलेली, फिक्या सोनेरी रंगाची कडक बिअर, हें तें पेय होय. तिला ‘इंडिया पेल एल’ असें म्हणतात. नांवांत हिंदुस्थान आहे. परंतु विलायतेंत होणाऱ्या या बिअरमध्यें हिंदुस्थानच्या शेतांतला एक दाणाही बहुधा नसतो.

मद्यपानाची शिफारस करण्यासाठीं आम्ही लेखणी हातीं घेतलेली नाहीं. आपल्या धान्याचें आपल्याच घरीं, आपल्याच उपयोगाकरितां कुणबी काय करतो, यांत कायद्यानें कोठवर हात घालावा, हा आमचा प्रश्न आहे. महसुली दप्तरांत उमेदीचीं वर्षें घालविल्यामुळें प्रत्येक बाबीकडे जमाखर्चाच्या नजरेनें पाहण्याची संवय आम्हांस लागलेली आहे. आणि या प्रश्नाचा अडीचशें वर्षांहून अधिक काळाचा जमाखर्च या एका पेयाच्या हकीकतींत जसा स्वच्छ मांडलेला सांपडतो, तसा अन्यत्र क्वचितच सांपडेल.

प्रथम कृति सांगतों, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल. वीस लिटरांच्या एका घाण्यास सुमारें सहा किलो माल्ट लागतो. माल्ट म्हणजे सातू भिजवून, मोड आणून, मंद उष्णतेनें वाळविलेले दाणे. त्यांची जाडी भरड करून ती सुमारें ६६ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत तासभर तशीच ठेवितात. मोड येतांना दाण्यांत जें पाचकद्रव्य तयार झालेलें असतें, तें या उष्णतेंत पिठाची साखर करितें. मग गोड पाणी गाळून, चोथा ऊन पाण्यानें धुवून, सर्व काढा तासभर कढवितात. कढ येतांच सुमारें तीस ग्रॅम हॉप्स टाकितात. तेवढ्यानें कडूपणा उतरतो. परंतु हॉप्समधील सुवासिक तेल उडून जाणारें असल्यानें, कढ संपण्याच्या दहा मिनिटें आधीं साठ ग्रॅम, विस्तव विझविल्यावर आणखी साठ ग्रॅम, आणि पेय आंबून होत आल्यावर शंभर ग्रॅम सुकीं फुलें तशींच तीन-चार दिवस आंत ठेवितात. साध्या बिअरला याच्या चौथ्या हिश्श्याइतकेहि हॉप्स पुरतात. काढा वीस अंशांपर्यंत निववून त्यांत यीस्ट घालावें लागतें, आणि पुढें आठ-पंधरा दिवस अठरा ते वीस अंशांतच तो राखावा लागतो. भांडीं निर्मळ नसलीं कीं सर्व माल आंबूस होऊन फुकट जातो.

या खटाटोपांत एक लहानसें कांचेचें उपकरण असतें, त्यास हायड्रोमीटर म्हणतात. साध्या पाण्यांत तें १.००० दाखवितें; आंबण्यापूर्वीं या गोड काढ्यांत १.०६५ च्या आसपास दाखवितें. आणि साखरेचें मद्य झाल्यावर १.०१२ वर येतें. या दोन आंकड्यांच्या अंतरावरून पेयांत सुमारें सात टक्के मद्यार्क झाला, असें काढितां येतें. नेहमींची बिअर चार-पांच टक्क्यांची असते. हें उपकरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. लेखाच्या शेवटीं त्याचें काम पडणार आहे.

आतां हॉप्सविषयीं. ही बहुवर्षायु वेल आहे. थंडींत ती जमिनीलगत मरते व वसंतांत कांद्यापासून पुन्हां फुटून, उंच तारांवर चढविलेल्या दोरीभोंवतीं एका मोसमांत पांच-सहा मीटर जाते. नर व मादी झाडें निराळीं असून मादी झाडाचीं फुलेंच कामास येतात. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशीं पिवळी पूड असते, तींतच कडूपणा व सुवास सांठलेला असतो. तोडणीच्या वेळीं फुलांत शेंकडा ऐंशीच्या सुमारास ओलावा असतो. तो भट्टीच्या उष्णतेनें दहावर आणावा लागतो, नाहींतर माल कुजतो. इंग्लंडच्या केंट परगण्यांत यासाठीं बांधलेलीं उंच निमुळत्या छपरांचीं सुकवणघरें आजही दिसतात. आणि यंत्रें येईपर्यंत तोडणीच्या हंगामांत लंडनच्या पूर्व भागांतील गरीब कुटुंबें मुलाबाळांसह तेथें मजुरीस जात असत. या वेलीस उन्हाळ्यांत लांब दिवस व हिंवाळ्यांत कडक थंडी लागते. आमच्या पुण्याकडे वर्षांतील सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून थोडाच अधिक भरतो. म्हणून ३५ ते ५५ अक्षांशांमधील या पिकाची आशा दख्खनच्या शेतकऱ्यानें धरूं नये. आपल्या देशांत हिमाचल प्रदेशांतील लाहौलच्या उंच खोऱ्यांत त्याची लागवड झाली. पण परदेशी मालाच्या चढाओढींत तेथेंही तें मागें पडलें.

नांवांत हिंदुस्थान कसा आला, तेंही सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील खेड्यापाड्यांच्या मोठ्या घरांत आक्टोबर महिन्यांत नव्या सातूची व नव्या हॉप्सची कडक फिकी बिअर करून ती वर्ष-दोन वर्षें मुरत ठेवण्याची चाल होती. त्याच जातीची बिअर लंडनजवळच्या बो गांवचा हॉजसन नांवाचा कारखानदार अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांस लांब मुदतीच्या उधारीनें देई, आणि ते ती मुंबई, मद्रास व कलकत्ता बंदरांत गोऱ्या अंमलदारांस विकीत. समुद्राच्या प्रवासांत ती चांगली मुरे. १८२० नंतरच्या दशकांत बर्टन गांवच्या ऑलसॉप व बास या कारखान्यांनीं हा व्यापार हातीं घेतला. त्या गांवच्या विहिरींच्या पाण्यांतील जिप्सम हॉप्सच्या कडूपणास उठाव देतें. प्रवासांत दुसरी कोणतीही बिअर टिकत नसल्यामुळें ही मुद्दाम शोधून काढिली, अशी एक कथा प्रसिद्ध आहे, ती मात्र खरी नव्हे. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून येत असे, व गोरे शिपाई तीच अधिक पीत. असो. मुंबईच्या धक्क्यावर हीं पिंपें उतरलीं, परंतु त्यांत आमच्या शेतकऱ्याचा हात कोठेंच नव्हता.

येथपर्यंतची हकीकत मौजेची; येथून पुढची मात्र विचार करण्याजोगी आहे. इंग्लंडांत माल्टवरचा कर १६९७ सालीं बसला व हॉप्सवरचा १७११ सालीं. कर बसला म्हणजे मोजणीदार आलाच. शेतकऱ्यानें सातू भिजत घातले कीं अंमलदार टांकी मोजी. हॉप्स लावल्यास क्षेत्राची आणि सुकवणभट्टीची खबर द्यावी लागे. ही कटकट मोठ्या कारखान्यास परवडते. त्याच्या एका कारकुनाचें तें काम असतें. दोन बिघे सातू पिकविणाऱ्यास ती परवडत नाहीं. परिणाम असा झाला कीं, स्वतःच्या सातूची स्वतःच्या घरीं बिअर करणारा मजूर तें सोडून गुत्त्यावर जाऊं लागला. विल्यम कॉबेट या शेतकरी-कैवारी लेखकानें १८२१-२२ सालीं ‘कॉटेज इकॉनमी’ हें पुस्तक लिहिलें, त्यांत झोपडीवाल्यांनीं घरींच बिअर करावी म्हणून तळमळीनें प्रतिपादन केलें आणि या करांवर कोरडे ओढिले. जाच एवढा होता कीं, स्वतःच्या शेतांतील सातूंचा माल्ट स्वतःच्या गुरांस चारावयाचा म्हटलें तरी त्यावर कर पडे. १८६४ सालीं अळशीची भरड मिसळण्याच्या अटीवर तेवढी सूट मिळाली!

हॉप्सचा कर १८६२ सालीं उठला. १८८० सालीं मुख्य प्रधान ग्लॅडस्टन यांनीं माल्टचा कर काढून तो तयार बिअरवर बसविला, आणि मोजण्याची रीतही बदलली. नुसतीं पिंपें न मोजतां आंबण्यापूर्वींच्या काढ्याची गोडी हायड्रोमीटरनें पाहून, १.०५७ हें प्रमाण धरून आकारणी होऊं लागली. मात्र घरीं करणाऱ्याच्या मागें परवान्याचें शुक्लकाष्ठ लागलें, तें १९६३ सालीं अर्थमंत्री मॉडलिंग यांनीं काढून टाकीपर्यंत सुटलें नाहीं. तेव्हांपासून इंग्लंडांत कोणीही घरच्यापुरती बिअर करावी, विकूं नये, एवढाच नियम आहे. त्यामुळें तेथील मद्यकर बुडाला काय? मुळींच नाहीं, तो आजही त्या सरकारच्या उत्पन्नाची ठळक बाब आहे.

अमेरिकेंत १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं अशाच कायद्यावर सही केली. एका प्रौढ माणसाच्या घरास वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन, करमाफ, विक्री मना. गाळून काढिलेल्या दारूस ही सवलत नाहीं. निरनिराळ्या संस्थानांस आपापला निर्णय करण्याची मोकळीक ठेविली होती; अलाबामा व मिसिसिपी या शेवटच्या दोघांनीं २०१३ सालीं ती मान्य केली.

या सवलतीचा शेतकऱ्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर हॉप्सच्या मळ्यांत आहे. त्या काळीं अमेरिकेंत शंभराच्याही आंत कारखाने उरले होते. त्यांस हॉप्स हवे ते केवळ कडूपणापुरते, स्वस्त व घाऊक. १९७२ सालीं ऑरेगनमधील सरकारी संशोधनांतून ‘कास्केड’ नांवाचा सुवासिक वाण निघाला; मोठ्या कारखानदारांच्या नाकास त्याचा वास रुचेना. तो रुचला लहानांस. घरीं बिअर करण्याचें साहित्य विकणारे केन ग्रॉसमन यांनीं १९८० सालीं सिएरा नेव्हाडा या आपल्या लहान कारखान्यांत कास्केड भरपूर घालून पेल एल काढिली, आणि पुढें असे शेंकडों गृहस्थ घरच्या पिंपावर हात बसवून धंद्यांत उतरले. आज त्या देशांत नऊ हजारांहून अधिक बिअरचे कारखाने आहेत, आणि याकिमा खोऱ्यांतील शेतकरी सुवासिक वाणांचे मळे राखून आहेत. घाऊक गिऱ्हाईक नाकारी, तो माल किरकोळ हौशी गिऱ्हाईकानें उचलला, ही यांतली मुख्य गोष्ट आहे.

नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. २०२१ नंतर बिअरचा खप मंदावला, गोदामांत हॉप्सचे सांठे वाढले, आणि अमेरिकेंतील हॉप्सचें क्षेत्र बरेंच घटलें. मळा उभारण्यास खांब, तारा, भट्टी असा मोठा खर्च आधीं करावा लागतो. म्हणून मंदीचा फटका ज्यानें कर्ज काढून मळा वाढविला त्यासच प्रथम बसतो. तेव्हां हौसेच्या पिकावर सर्व भिस्त ठेवूं नये, हा धडाही त्याच वहींत लिहिलेला आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. इंग्लंडांत माल्टचा कर उठण्याच्या दोनच वर्षें आधीं, म्हणजे १८७८ सालीं, मुंबई इलाख्यांत आबकारी कायदा झाला. आणि १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आला. राज्यकर्ते तेच, आपल्या देशांतील कुणब्याचें पिंप मोकळें करीत असतां त्यांनीं येथील कातकऱ्याची टोपली बांधिली. स्वराज्य आल्यावर १९४९ चा दारूबंदी अधिनियम झाला. त्याच्या १२ व्या कलमानें मद्य तयार करण्यास सरसकट मनाई आहे. घरचें व दुकानचें असा भेद त्या मनाईंत नाहीं. सूट मिळते ती परवान्यानें, आणि परवाना मिळतो तो भांडवलवाल्यास. २००९ सालीं पुण्यांत डूलाली नांवाची लहान बिअरशाळा रीतसर सुरू झाली. तशा शाळा पुढें पुष्कळ निघाल्या व तेथें इंडिया पेल एलही मिळते. मोहाचीं फुलें गोळा करण्यावरचा व सांठविण्यावरचा निर्बंध तर २०२१ सालीं उठला. म्हणजे फुलें वेंचावीं, वाळवावीं, व्यापाऱ्यास विकावीं. पण त्यांचें पेय सणापुरतें घरीं केलें तर गुन्हा. शहरांतील परवानेवाल्यानें केलें तर धंदा, पाड्यावरील माणसानें केलें तर खटला, हा न्याय आम्हांस उमजत नाहीं.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, दारूनें घरें बुडतात. तीं बुडतांना बायकामुलांचे हाल होतात. हें अक्षरशः खरें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या चळवळीनें मिळविलेली आहे. तिला धक्का लावणारी कोणतीही सूचना आम्ही करणार नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, घरगुती दारूनें माणसें मरतात. येथें मात्र दोन गोष्टींची गल्लत होते. २०१५ सालीं मुंबईच्या मालवणी भागांत शंभरांवर माणसें दगावलीं, तीं मेथॅनॉल या कारखानी रसायनाची भेसळ करून गरिबांस स्वस्तांत विकलेल्या दारूनें. सातू, ज्वारी, नाचणी किंवा फुलें आंबविलेल्या पेयांत तसें विष मारक प्रमाणांत उतरत नाहीं. गाळप निराळें, आंबवणें निराळें. विकावयाचें निराळें, घरीं घ्यावयाचें निराळें. कायद्यानें हे दोन भेद केले, तर पोलिसांस आपलें बळ विष विकणाऱ्यांच्या पाठीशीं लागण्यास मोकळें राहील.

म्हणून आमचें मत थोडक्यांत असें. घरच्यापुरत्या आंबविलेल्या पेयास कायद्यांत सवलत असावी. गाळप त्यांतून पूर्ण वगळावें. विक्री, अदलाबदल, आणि विशेषेंकरून मजुरीच्या ऐवजीं पेय देणें, हा गुन्हाच राहावा. इंग्लंडांत शेतमजुरांस पैशांऐवजीं बिअर वा साइडर पाजून मजुरी फेडण्याची चाल होती. ती १८८७ च्या कायद्यानें बंद करावी लागली, हें आमच्या बागाईतदार बंधूंनीं विसरूं नये. ज्या जिल्ह्यांत दारूबंदी आहे तेथें सवलत नसावी. गांवांतील स्त्रियांनीं मतदानानें दुकान बंद करण्याची, म्हणजे बाटली आडवी करण्याची, जी रीत आपल्याकडे रुळली आहे, तीच या सवलतीसही लागू करावी. ज्या गांवच्या स्त्रिया नको म्हणतील, त्या गांवीं पिंप चढूं नये.

राहिला मापाचा प्रश्न. अमेरिकेनें गॅलनाचें माप घातलें, तें अपुरें आहे. सात टक्क्यांच्या वीस लिटर पेल एलमध्यें चौदाशें मिलिलिटर मद्यार्क असतो. चार टक्क्यांच्या वीस लिटर साध्या बिअरमध्यें आठशें. पिंप एकच, पण कैफ पाऊणपट अधिक. तेव्हां लिटरांच्या मर्यादेबरोबर गोडीचीही मर्यादा पाहिजे. म्हणजे कडक करील त्याचें माप आपोआप थोडें होईल. हायड्रोमीटर हें स्वस्त उपकरण आहे, आणि १८८० पासून त्याच्यावर सरकारी हिशेब चालत आलेले आहेत. मात्र या मर्यादेसाठीं घरोघर तपासनीस धाडूं नयेत व परवान्याची फीही लावूं नये. जितके शिक्के, तितके हेलपाटे. आणि जितके हेलपाटे, तितके हात ओले करण्याचे प्रसंग. मर्यादा कायद्यांत लिहावी, ती मोडल्याची फिर्याद झाली तरच तपास व्हावा.

आमच्याकडे हॉप्स पिकत नाहींत व विलायती चवीचें आम्हांस अगत्य नाहीं. घेण्यासारखी आहे ती त्या देशांनीं उशिरानें कां होईना केलेली दुरुस्ती. कोठारांतील धान्यावर पहिला हक्क तें पिकविणाऱ्या घराचा, आणि त्या घरांत स्त्रीच्या शब्दास पुरुषाच्या इतकेंच वजन, हीं दोन तत्त्वें एकत्र धरून कायदा लिहितां येतो. येत्या अधिवेशनापूर्वीं आपापल्या ग्रामसभेंत या विषयाची चर्चा करून, अनुकूल असो वा प्रतिकूल, ठराव संघाकडे पाठवावा, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. आणि त्या चर्चेंत घरांतील बायामाणसांस पुढें बसवावें.